शाळा सुटली तरी

जून अर्ध्यावर आला की महाराष्ट्रातल्या शाळा पुन्हा गजबजतात. विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिराने, एवढाच फरक. वह्यांना खाकी कव्हरे चढतात, नावाच्या चिठ्ठ्या चिकटतात. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये प्रवेशोत्सव होतो, पहिलीच्या मुलांना फुले देऊन, कुठे बैलगाडीत बसवून वाजतगाजत आणले जाते. हा आनंद खरा आहे. पण याच आठवड्यात कित्येक घरांत एखाद्या मुलाचे पोट सकाळी सातला दुखू लागते आणि आजची शाळा बुडाली हे नक्की झाले की थांबते. डबा रोज रिकामा येतो, तरी मूल घरी आल्यावर भुकेने कासावीस असते. सदऱ्याची बटणे पुन्हा पुन्हा तुटतात. रिक्षाने जायचे नाही म्हणते, का ते सांगत नाही. आई विचारते, ‘काय झालं रे?’ उत्तर येते, ‘काही नाही.’

या मुलांविषयी बोलायलाच हवे. पण शाळा उघडत असताना आणखी काही माणसांची आठवण ठेवली पाहिजे, ज्यांची शाळा वीस, तीस, चाळीस वर्षांपूर्वी सुटली. वर्गात ज्यांना रोज टपल्या बसत, ज्यांचे दप्तर रोज खिडकीबाहेर जाई, ज्यांच्याशी अख्खा वर्ग ठरवून बोलत नसे, ती मुले आज बँकेत, एसटीच्या आगारात, दवाखान्यात, एखाद्या शाळेच्या शिक्षकखोलीतही आहेत. वर्गातला छळ हा बालपणाचा प्रश्न आहे, मूल मोठे झाले की मिटतो, असा आपला समज आहे. तो चुकीचा आहे. या छळाची किंमत माणूस पन्नाशीतही चुकती करत असतो, हे आता नीट मोजले गेले आहे. आणि ही किंमत कमी करणे ज्यांच्या हातात असते, ती भोवतालची मोठी माणसे ‘मुलं आहेत, चालायचंच’ म्हणून बाजूला होतात, हे आमचे खरे दुःख आहे.

मोजले कसे, तेही पाहू. ब्रिटनमध्ये 1958 सालच्या मार्च महिन्यातल्या एका आठवड्यात जन्मलेल्या बाळांची नोंद झाली आणि पुढे आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला गेला. ही मुले सात वर्षांची असताना आणि पुन्हा अकरा वर्षांची असताना त्यांच्या पालकांना एक साधा प्रश्न विचारला होता : इतर मुले तुमच्या मुलाला त्रास देतात का? कधीच नाही, कधी कधी, की वारंवार? उत्तरे कागदावर राहिली. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या र्‍यू ताकिझावा, बार्बरा मॉघन आणि लुईझ आर्सेनो या संशोधकांनी त्यांतल्या 7,771 जणांची ती जुनी उत्तरे त्यांच्या प्रौढ वयातल्या आरोग्याशी ताडून पाहिली आणि 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहानपणी ज्यांना वारंवार त्रास झाला होता, त्यांच्यात पंचेचाळिशीत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट होते. आत्महत्येचे विचार वा प्रयत्न दुपटीहून अधिक होते. चिंतेचे विकारही जास्त होते. पन्नाशीत त्यांची स्मरणशक्ती आणि एकूण प्रकृती तुलनेने कमजोर होती, जोडीदार असण्याची शक्यता कमी होती, आजारपणात हाक मारावी अशी माणसे कमी होती. पुरुषांमध्ये बेकारी अधिक, कमाई कमी.

यावर कुणी म्हणेल, मूळचीच कमकुवत मुले असतील, म्हणून त्यांना त्रासही झाला आणि पुढे आजारही. संशोधकांनी ही शंका आधीच घेतली होती. मुलाची बुद्धिमत्ता, घरची परिस्थिती, आईवडिलांचे लक्ष, आधीपासूनच्या वर्तनाच्या तक्रारी हे सगळे हिशेबात धरूनही फरक शिल्लक राहिला. आईवडिलांपासून दूर सरकारी देखरेखीखाली वाढलेल्या मुलांना प्रौढपणी जेवढे सोसावे लागते, साधारण तेवढाच हा फरक भरला. आणि ही उत्तरे 1965 आणि 1969 सालची आहेत, हे लक्षात घ्यावे. त्या मुलांच्या हातात मोबाइल नव्हता. शाळेचे आवार, येण्याजाण्याचा रस्ता आणि काही पोरे एवढ्यावर हे सारे घडले होते.

आपल्याकडे असा मागोवा कुणी घेतलेला नसला, तरी त्या पन्नाशीतल्या माणसाला आपण सगळेच ओळखतो. हल्ली दहावीच्या बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप निघतात. पंचवीस-तीस वर्षांनी स्नेहमेळावा ठरतो, सगळ्यांसाठी एका रंगाचे टी-शर्ट छापले जातात, निवृत्त बाईंना शाल-श्रीफळ दिले जाते. त्या ग्रुपवर एखाद्याला कुणीतरी शोधून काढून जोडते आणि पहिल्याच मिनिटाला तिकडून येते : ‘अरे ढब्ब्या आला!’ किंवा ‘तोतऱ्या’. किंवा त्याहून वाईट काही. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. माणूस आता एखाद्या कचेरीत अधिकारी असतो, दोन मुलांचा बाप असतो. पण तो शब्द वाचताना त्याच्या तळहाताला घाम फुटतो. रात्री अकराला तो ग्रुप सोडतो. सकाळी चर्चा : ‘याला काय झालं? मस्करी कळत नाही का? तेव्हाही असाच रडका होता.’ चिडवणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते प्रसंग खरोखरच आठवत नसतात. त्यांच्या दृष्टीने ती मजा होती, मधल्या सुट्टीबरोबर संपली. ज्याच्यावर बेतली त्याला मात्र तो बाक, कोण कुठे उभा होता, कोण हसले, कुणी तोंड फिरवले, सगळे लख्ख आठवते. या दोन आठवणींमधल्या अंतराबद्दल आपण कधी बोलतच नाही.

आत नेमके काय शिल्लक राहते? मार आठवणीतून पुसट होतो. वाट पाहणे राहते. आज कधी होईल, कुठे होईल, जिन्यात की नळावर, याचा सतत अंदाज घेत वाढलेले मूल तो अंदाज घेणे पुढे थांबवू शकत नाही. मागे कुणी हसले की आपल्यालाच हसले असे वाटते. साहेबांनी बोलावले की काहीतरी चुकले असणार. दोन सहकारी बोलता बोलता गप्प झाले की विषय आपलाच. 2017 मध्ये ब्रिटनमधल्या अकरा हजारांहून अधिक जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो या बाबतीत फार बोलका आहे. अकराव्या वर्षी झालेल्या त्रासाचा चिंतेवरचा थेट परिणाम दोन वर्षांनी दिसत होता, पाच वर्षांनी मात्र ओसरला होता. यात दिलासा आहे, तो लपवण्याचे कारण नाही. मुले सावरतात, पुष्कळ सावरतात. पण त्याच मुलांमध्ये पाच वर्षांनंतरही लोकांवरचा संशय आणि विचारांचा विस्कळीतपणा टिकून होता. भीती गेली, विश्वास परत आला नाही, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

शरीरही हे विसरत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1994-95 साली जन्मलेल्या जुळ्यांच्या एका अभ्यासातले निरीक्षण आहे. एकाच फलित अंडपेशीतून जन्मलेली, हुबेहूब जुळी भावंडे. घर एक, आईबाप एक, जनुके एक. त्यांतल्या एकाला शाळेत छळले गेले, दुसऱ्याला नाही. बाराव्या वर्षी दोघांना थोडा ताण येईल अशी तोंडी गणिते घातली आणि लाळेतले कॉर्टिसॉल तपासले. ताण आला की हे संप्रेरक वाढते, वाढायलाच हवे, कारण संकटाला तोंड देण्याची ती शरीराची तयारी असते. ज्याला त्रास झाला नव्हता त्याचे वाढले. ज्याला झाला होता त्याचे जवळजवळ हललेच नाही. सतत खणखणत राहिलेल्या धोक्याच्या घंटेकडे त्या शरीराने लक्ष देणे सोडून दिले होते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या 1,420 मुलांना तरुणपणापर्यंत तपासत गेलेल्या दुसऱ्या अभ्यासात, जितक्या अधिक वेळा छळ तितके रक्तातले सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन अधिक, असे आढळले. हृदयविकाराचा धोका पाहताना डॉक्टर जी सूज तपासतात, तिचीच ही खूण. याच मुलांविषयीचे आधीचे एक निरीक्षण आपल्या शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. सर्वांत वाईट अवस्था होती ती स्वतः मार खाणाऱ्या आणि पुढे दुसऱ्याला मार देणाऱ्या मुलांची. नैराश्य, घबराटीचे झटके, आणि मुलग्यांमध्ये जीव देण्याचे विचार, सगळे याच गटात सर्वाधिक. वर्गातला जो ‘गुंड’ म्हणून आपण कोपऱ्यात उभा करतो, तो कालपर्यंत कुणाच्या हाताखाली होता, हे क्वचितच विचारले जाते.

प्रयोगशाळेत न मोजता येणारेही पुष्कळ असते. उभे राहून बोलावे लागेल म्हणून वक्तृत्वच नव्हे, तर शिक्षणाची शाखाच सोडणारी मुलगी. बढतीसाठी अर्ज न करणारा कारकून, कारण बढती म्हणजे चार माणसांनी आपल्याकडे पाहणे. लग्नात फोटोला मागच्या रांगेत जाणारी बाई. स्वतःच्या मुलाला बागेतही एकटे न सोडणारा बाप, आणि त्याउलट, मुलगा रडत आला की ‘एक दे ठेवून त्याच्या कानाखाली’ असे ओरडणारा बाप. दोघांनाही आपण ‘स्वभाव’ म्हणतो.

आता मोठ्यांच्या उत्तरांकडे येऊ. मूल धाडस करून सांगते, तेव्हा त्याला आपल्याकडे ठरावीक उत्तरे मिळतात. ‘दुर्लक्ष कर.’ ‘तू पण मार.’ ‘तू काहीतरी केलं असशील, उगाच कोण कशाला त्रास देईल?’ ‘एवढ्याशा गोष्टीवरून रडतात का, मुलगा आहेस ना?’ शाळेत गेले तर : ‘आमच्या शाळेत असं काही होत नाही हो.’ या प्रत्येक वाक्याचा मुलापर्यंत पोहोचणारा अर्थ एकच, की हे तुझे तुला निस्तरायचे आहे. पुढच्या वेळी ते सांगत नाही. ब्रिस्टल परिसरातल्या 3,898 मुलांच्या अभ्यासात तेराव्या वर्षी वारंवार छळ झालेल्यांपैकी 14.8 टक्के मुले अठराव्या वर्षी नैराश्यात होती. ज्यांना त्रास झाला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण 5.5 टक्के होते. त्या मुलांतल्या पुष्कळांनी शिक्षकांना कधीच काही सांगितले नव्हते. घरीही बऱ्याच जणांनी नाही. उलट, वर सांगितलेल्या इंग्लंड-वेल्समधल्या जुळ्यांच्या अभ्यासात ज्या घरांत आईचा मायेचा हात होता, भावंडांचे पटत होते, घरात मोकळे वातावरण होते, तिथली मुले तेवढाच त्रास सोसूनही कमी खचली. त्यांचा छळ थांबला होता असे नाही. घरी कुणीतरी त्यांच्या बाजूचे होते.

छळायला कुणाला निवडले जाते, हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला सांगायला नको. जाड, काळी, चष्मा लावणारी, अडखळत बोलणारी, उशिरा उंची वाढलेली मुले आहेतच. त्याशिवाय गावाकडून शहरात आलेले, ‘पानी’ म्हणणारे मूल आहे. ‘ण’ आणि ‘न’वरून त्याला इतके हसले जाते की ते वर्गात हात वर करणेच बंद करते. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुराचे मूल आहे, त्याला मराठी वर्गात वेगळी हाक असते. थोडा नाजूक चालणारा मुलगा आहे. त्याच्या वाट्याला येणारे शब्द इथे छापता येत नाहीत. पंचवीस टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेले मूल आहे, त्याचे बूट सांगतात ते कुठून आले. आणि जात आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ चित्रपटातल्या जब्याला शाळेसमोर, ज्या मुलीने पाहू नये असे त्याला जिवापाड वाटते तिच्या डोळ्यांदेखत, डुक्कर पकडायला लावले जाते आणि भोवतालची पोरे हसत राहतात. त्याने शेवटी भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो. तेव्हा थिएटरात सगळेच दचकले होते. आपण त्या हसणाऱ्यांत कधी होतो का, हा प्रश्न मात्र पार्किंगपर्यंतही टिकला नाही.

आणि मोठी माणसे नेहमी दुर्लक्षच करतात असेही नाही, कधी सुरुवात त्यांच्यापासून होते. ‘ज्यांची शिष्यवृत्ती आली आहे त्यांनी उभे राहा’ असे भर वर्गात म्हणणे, फी थकलेल्यांची नावे वाचणे, चाचणीचे कमी गुण मोठ्याने सांगून वर ‘बापाचा धंदाच कर तू’ अशी पुस्ती जोडणे; यातले काही आपण प्रत्येकाने ऐकलेले असते. शिक्षकाच्या तोंडचा टोपणनावाचा एक शब्द वर्षभरासाठी वर्गाला परवाना देतो. शिक्षणहक्क कायद्याचे 17वे कलम शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई करते. छडी आता बरीच कमी झाली, त्यासाठी शिक्षकांचे कौतुकच आहे. त्या कलमाचा उरलेला अर्धा भाग मात्र शाळांनी अजून मनावर घेतलेला नाही.

हे सगळे मनुष्यस्वभावच आहे, कोण काय करणार, असे म्हणून सुटका नाही, कारण करून दाखवणारे आहेत. नॉर्वेत 1982 च्या अखेरीस तीन शाळकरी मुलांनी जीव दिला. सोबत्यांनी केलेला छळ हे त्यामागचे कारण असल्याचे पुढे आले आणि देश हादरला. पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस सत्तरच्या दशकापासून हा विषय अभ्यासत होते. बर्गन शहरातल्या 42 शाळांमधल्या सुमारे अडीच हजार मुलांवर त्यांनी आपला कार्यक्रम राबवला आणि दोन वर्षांत छळाच्या घटना निम्म्यावर आल्या. त्यात चमत्कार काही नव्हता. आधी मुलांकडून नाव न लिहिता प्रश्नावली भरून घेतली : त्रास कुठे होतो, कधी होतो. मग मधल्या सुट्टीत, जिन्यांवर, स्वच्छतागृहांपाशी मोठी माणसे उभी राहू लागली. वर्गाने मिळून मोजके नियम ठरवले. आठवड्याला वर्गाची बैठक. आणि घटना घडली की त्याच दिवशी त्रास देणाऱ्याशी, सोसणाऱ्याशी आणि दोघांच्या पालकांशी वेगवेगळे, गंभीरपणे बोलणे. आपल्या शाळांमध्ये मधल्या सुट्टीत शिक्षक शिक्षकखोलीत असतात. त्यांनाही दोन घास खायचे असतात, हे मान्य. पण आळीपाळीने दोघांनी आवारात फिरायला सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. वर्गात त्रास देणारे दोन-चार असतात आणि सोसणारा एखादा. उरलेल्या तीस जणांचे काय? काही हसतात, काही गोल करून पाहतात, काही मान खाली घालून बाहेर जातात, एखादाच मध्ये पडतो. त्रास देणारा जे काही करतो ते या तिसांसाठी करतो. हसू बंद झाले की त्याची अर्धी ताकद जाते. म्हणून साल्मिवाली यांचा ‘किवा’ कार्यक्रम या बघ्यांना शिकवतो : हसू नका, नंतर त्याच्याशेजारी जाऊन बसा, मोठ्यांना सांगा. सांगणे म्हणजे चुगली, हे आपल्या मुलांच्या डोक्यात इतके पक्के बसलेले असते की ते आधी काढावे लागेल. आणि आपल्या शाळांतली तक्रारपेटी तर बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, सगळ्यांच्या नजरेसमोर टांगलेली असते. चिठ्ठी टाकणारा कोण, हे पाचव्या मिनिटाला अख्ख्या शाळेला कळते. ती पेटी आज, याच आठवड्यात, जिन्याच्या वळणावर हलवता येईल.

मोबाइलविषयी फार लिहीत नाही, कारण सगळेच लिहितात. एकच गोष्ट सांगायची. 1958 साली जन्मलेल्या मुलाला घरी पोहोचल्यावर उद्या सकाळपर्यंत सुट्टी मिळत असे. आजच्या सातवीतल्या मुलीच्या फोटोचे स्टिकर वर्गाच्या ग्रुपवर रात्री दहालाही फिरत असते, आणि ती ते जेवणाच्या ताटावर बसून पाहते. ती ग्रुपमधून बाहेर पडली तर उद्याचा गृहपाठ काय, हेही तिला कळत नाही. वसतिगृहात आणि आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांना तर मोबाइलशिवायही ही सुट्टी कधी नव्हती. तिथे रात्र हीच शाळेपेक्षा अवघड असते.

वय वाढले म्हणून हे थांबतेच असेही नाही. 22 मे 2019 रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपवले. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केला, असा कुटुंबीयांचा आरोप आहे आणि त्याचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे नियम आहेत. तेही हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा जीव गेल्यावर आले. दर वेळी एक जीव गेल्यानंतर एक नियम, ही आपली रीत झाली आहे. जे जीव जात नाहीत, पण पुढची चाळीस वर्षे अर्धवट जगतात, त्यांच्यासाठी नियम कोण करणार?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, अशी त्यांतली एक सूचना आहे. तालुक्याच्या गावातल्या अनुदानित शाळेला हे परवडायचे कसे, हा प्रश्न खरा आहे. चार-पाच शाळांनी मिळून एक समुपदेशक नेमावा, त्याचा पगार शासनाने द्यावा, असे आमचे मत आहे. आणि त्या माणसाला जनगणनेच्या नि निवडणुकीच्या कामाला लावू नये.

मोठ्या झालेल्यांसाठीही काही करता येते. नैराश्य, निद्रानाश, धडधड, अंगदुखी घेऊन चाळिशीतला माणूस येतो तेव्हा डॉक्टर मधुमेह विचारतात, तंबाखू विचारतात, घरातले ताण विचारतात. ‘शाळेत कसे होते तुमचे?’ हे क्वचितच कुणी विचारते. हा प्रश्न फॅमिली डॉक्टरांनी विचारायला सुरुवात करावी. पुष्कळदा रुग्णानेही त्या दोन गोष्टींचा संबंध कधी जोडलेला नसतो. तो स्वतःलाच दुबळा समजत आलेला असतो. उपचार आहेत आणि ते लागू पडतात. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली, ठाण्याच्या आयपीएच संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांचे सहकारी 1990 पासून मनाच्या आरोग्याविषयी मराठीत बोलत आले आहेत. ‘मी कवडीमोलाचा आहे’ हे वर्गातल्या चार पोरांनी दिलेले मत आपण इतकी वर्षे स्वतःचे मत म्हणून बाळगले, हे उघड्यावर आणून तपासणे अशा उपचारांत घडते. टेलिमानस मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतून, पैसे न मोजता बोलता येते. मुलांसाठी 1098 आहे. जीव नकोसा वाटत असेल तर आजच फोन करावा.

शेवटचे सांगणे त्यांना, जे तेव्हा हसले होते. आपल्यापैकी बहुतेक जण त्यातच मोडतात. वर्गात जे झाले त्याची आठवण आता टोचत असेल तर त्या माणसाला फोन करावा किंवा एकट्याला मेसेज लिहावा. ग्रुपवर सर्वांदेखत माफी मागू नये. त्याला पुन्हा चारचौघांत उभे केल्यासारखे होते. ‘आपण लहान होतो’ हे वाक्य लिहू नये. आपण काय केले ते नाव घेऊन लिहावे : तुझा डबा मी लपवत होतो, त्या नावाने पहिली हाक मी मारली होती, बाईंना खोटे मी सांगितले होते. त्याने लगेच माफ करावे, भेटायला यावे, मेळाव्याचा टी-शर्ट घालावा, अशी अपेक्षा ठेवू नये. त्याला उत्तर द्यायला महिना लागेल, कदाचित तो देणारही नाही. उत्तर आले नाही तर दुसरा मेसेज करू नये.